सेन्सर मागवायच्या आधी मीटर लावा

टेंभुर्णीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. मूळ काम ऑटो इलेक्ट्रिकचं, पण ट्रकना कॉमन रेल इंजिनं (सगळ्या नोझलसाठी डिझेल एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाने साठवणारी) आली तसं वायरिंग वेगळं आणि इंजिनकाम वेगळं असं काही उरलं नाही. ऊस, साखर, सिमेंट ओढणाऱ्या गाड्या येतात. हल्ली मालक आजार सांगत नाहीत, थेट औषधच घेऊन येतात. "मिस्त्री, हा सेन्सर आणलाय, तेवढा बसवून द्या." कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवाल्याने चिठ्ठीवर नाव लिहून दिलेलं असतं. सेन्सर बसतो, गाडी एखादी खेप करते आणि डॅशबोर्डवर पिवळी लाइट पुन्हा लागते. पैसे गेले, गाडी तिथेच.

म्हणून हे लिहितोय. डोळ्यासमोर गाडी धरलीय ती टाटाच्या बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) ट्रकची, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, कमिन्स आयएसबीई इंजिन. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा या गाड्या आता जुन्यातच मोजायच्या. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे कंपनीच्या पुस्तिकेतले धरा. तपासायची रीत बदलत नाही.

वडिलांच्या हातात टाटा १२१० होती तेव्हा ऑईलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा, एवढंच विजेचं काम इंजिनवर असायचं. काटा खोटं बोलला तरी इंजिन आपलं चालत राहायचं. आता किती डिझेल सोडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतं आणि ईसीएमला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं. वायर तुटली तर त्याच्यापर्यंत खोटा निरोप जातो, आणि नाव सेन्सरचं निघतं.

हाताशी काय हवं

बऱ्यापैकी डिजिटल मल्टीमीटर घ्या. फुटपाथवरचा स्वस्तातला मीटर ५ व्होल्ट आणि ४.६ व्होल्टमधला फरक नीट दाखवेलच असं नाही, आणि आपलं सगळं काम त्याच फरकावर चालतं. त्याच्या टोकांना लावायला बारीक टाचण्या. वायर सोलून किंवा टोचून मोजायची सवय असेल तर ती मोडा. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या वायरच्या आत तांबं हिरवं पडून भुगा होतं. टाचणी कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) मागून, रबरी सीलच्या कडेने अलगद सरकवायची. पिनेला टेकली की मोजायचं.

बल्बचा टेस्ट लॅम्प फ्यूज बघायला ठीक आहे, ईसीएमच्या वायरींना तो लावू नका. बल्ब जास्त करंट ओढतो, आणि ईसीएमचा खर्च सगळ्या सेन्सरांच्या वर जातो.

याशिवाय कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, मऊ ब्रश, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एक साधा मेकॅनिकल ऑईल प्रेशर गेज. स्कॅनर स्वतःचा नसेल तर चालेल, पण कोड काढणाऱ्याकडून नुसतं "टेम्परेचरचा सेन्सर गेलाय" एवढं ऐकून येऊ नका. स्क्रीनचा फोटो काढून आणा. का, ते पुढे येईल.

आणि एक गोष्ट जीवावरची आहे. इंजिन चालू असताना पंप, रेल आणि नोझलच्या हायप्रेशर पाईपांना हात लावायचा नाही, नट ढिला करायचा नाही. जुन्या पंपाच्या इंजिनात नट ढिला करून मिसिंग करणारं सिलिंडर शोधायची पद्धत होती, ती इथे विसरा. या रेलमध्ये १,६०० बारपर्यंत दाब जातो. सुईच्या टोकाएवढ्या गळतीतून निघालेलं डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम लहान दिसते, पण बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, बोट नाही. डिझेल अंगात शिरलंच तर वरून हळद-मलम न लावता सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाने डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. पाईप खोलायचेच असतील तर इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा.

सुरुवात बॅटरीपासून

ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. गाडी रात्रभर उभी असताना दोन्ही मिळून २५ व्होल्टच्या वर पाहिजेत, सेल्फ मारताना १८ च्या खाली जाऊ नयेत, इंजिन चालू झाल्यावर साधारण २७.५ ते २८.५ दिसायला हवेत. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल तर केबिनमध्ये बघा: टेप, पंखा नाहीतर मोबाईलचा चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊन जोडलेला सापडतो. ती बॅटरी उपाशी, दुसरी जास्त चार्ज. सेल्फला व्होल्टेज कोसळलं की ईसीएमला सगळीकडे गडबड दिसते आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड रांगेने पडतात.

मग अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. पोराला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची केबल किंवा तिचा लग (टोकाची धातूची कडी) खराब आहे. चासीला जिथे लग बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून, नट आवळून, वरून ग्रीस लावा. सेन्सर घ्यायला आलेल्या बऱ्याच गाड्या मी इथूनच परत पाठवतो.

कोडमध्ये दोन आकडे असतात

स्कॅनरवर एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे येतात. पहिला सांगतो कुठे, दुसरा सांगतो काय. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं (रेडिएटरमधल्या पाण्याचं) टेम्परेचर, १०० ऑईल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब), १५७ रेल प्रेशर, १९० इंजिनचा स्पीड, ९७ डिझेलमधलं पाणी, ९१ ॲक्सिलरेटर. लोक पहिला आकडा बघून दुकानात जातात. पैसे वाचवणारा आकडा दुसरा आहे.

एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे आकडा उड्या मारतोय. हे तिन्ही बहुतेक वेळा विजेचे दोष: वायर, कपलर, नाहीतर सेन्सर. पण एफएमआय ० किंवा १ आला, तर ईसीएम म्हणतंय की सेन्सरचा निरोप पटण्यासारखा आहे आणि आकडाच प्रमाणाबाहेर आहे. म्हणजे ११० वर ० आला तर इंजिन खरंच गरम झालंय. तिथे सेन्सर बदलणं म्हणजे खरं बोलणाऱ्याला कामावरून काढणं. रेडिएटरची जाळी, फॅनचा बेल्ट, पाण्याची पातळी बघा.

कोड लगेच पुसू नका. आधी लिहून घ्या, कोणता चालू आहे आणि कोणता जुना ते बघा. बॅटरी काढून कोड घालवणारे हुशार ड्रायव्हर मला रोज भेटतात, पुरावा तेच पुसतात आणि वर "मिस्त्री, काय सापडलं?" म्हणून विचारतात.

टेम्परेचर सेन्सर: यावर हात बसवा

शिकायला हा सगळ्यात चांगला सेन्सर. दोन वायरी, आत गरम झालं की रेझिस्टन्स कमी होणारा तुकडा. कपलर काढा, मीटर ओहमवर, सेन्सरच्या दोन पिनांवर टोकं. २५ अंशाला १,७०० ते २,५०० ओहम, ५० अंशाला ७०० ते १,०००, ७५ ला ३०० ते ४५०, आणि १०० ला १५० ते २२० यायला हवेत. सकाळी थंड इंजिनवर एकदा, गरम झाल्यावर एकदा मोजा. आकडा सरळ उतरत गेला तर सेन्सर चांगला आहे, मग लाइट लागो की न लागो.

आता ईसीएमच्या बाजूने विचार करा. ईसीएम आपल्या आतल्या रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट सोडतं आणि सेन्सर त्यातले किती खाली ओढतो ते बघतं. कपलर सुटला की कुणीच खाली ओढत नाही, ५ व्होल्ट तसेच राहतात, ईसीएमला वाटतं इंजिन बर्फात आहे आणि एफएमआय ३ पडतो. कमिन्सच्या स्वतःच्या क्रमांकात हाच कोड १४४. वायर ब्लॉकला टेकून शॉर्ट झाली तर व्होल्टेज शून्याजवळ, ईसीएमला इंजिन उकळताना दिसतं, एफएमआय ४, कमिन्सचा १४५.

यातून एक युक्ती निघते आणि तिला पैसा लागत नाही. १४५ पडलाय? किल्ली ऑन, इंजिन बंद, सेन्सरचा कपलर काढा. कोड १४५ चा १४४ झाला तर वायरिंग चांगलं आहे, सेन्सर आत शॉर्ट आहे, खुशाल बदला. कपलर काढूनही १४५ च राहिला तर सेन्सरचा काही दोष नाही, वायर कुठेतरी घासलीय. उलट, १४४ पडला असेल तर कपलर काढून हार्नेसच्या (वायरांच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिनांमध्ये वायरचा बारीक तुकडा जोडा. कोड १४५ झाला तर वायरिंग ईसीएमपर्यंत शाबूत, सेन्सर तुटलेला. १४४ हटला नाही तर वायर तुटलीय किंवा पिन आत ढकलली गेलीय. मात्र तुकडा जोडायचा हा प्रकार फक्त दोन वायरच्या टेम्परेचर सेन्सरवर करायचा. तीन वायरच्या सेन्सरवर असे तुकडे जोडले तर ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट होईल.

बदलताना इंजिन थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजलेले क्लीनर मी पाहिलेत, त्यावर जास्त बोलत नाही. सेन्सरच्या पातळीखाली जाईल इतकं कूलंट स्वच्छ डब्यात काढा. भोवतालची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर सेन्सर निघाल्याबरोबर ती आत पडते. कपलरचं लॉक दाबून काढा, वायरला धरून ओढू नका. प्लास्टिक जुनं झालेलं असतं, लॉकची जीभ चटकन मोडते. नवा सेन्सर जुन्याशेजारी धरून आटे, लांबी, पिनांची जागा जुळवा. दिसायला सारखा पण रेझिस्टन्सचा हिशोब वेगळा असलेला माल बाजारात भरपूर आहे, म्हणून बसवण्याआधी तोही मीटरवर मोजा. ओ-रिंगला कूलंट चोपडा, आटे हाताने लावा, शेवटी टॉर्क पान्याने.

एकाच वायरचा जुना सेन्सर असेल, म्हणजे काट्यापुरता, तर त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. टेपमुळे ते तुटतं आणि काटा वेडावाकडा फिरतो.

कूलंट भरल्यावर हवा काढा. सेन्सरच्या टोकाशी हवेचा फुगा राहिला तर सेन्सर पाण्याचं नाही, वाफेचं टेम्परेचर सांगतो.

आमच्याकडचा एक लाडका उपाय इथेच सांगून टाकतो: गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) काढून फेकणे. थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसला की थंडीच्या रात्री रिकामी गाडी ६० च्या वर जात नाही. ईसीएम इंजिन थंड समजून त्या हिशोबाने डिझेल सोडतं, ॲव्हरेज पडतं, ऑईल काळं आणि घट्ट होतं. आणि पुन्हा संशय येतो सेन्सरवर.

तीन वायरचे सेन्सर

ऑईल प्रेशर, बूस्ट, रेल प्रेशर हे तीन वायरचे. एक ५ व्होल्टची, एक परतीची, एक सिग्नलची. बूस्टवाल्यात हवेच्या टेम्परेचरची चौथी वायर असते. यांना ओहमवर मोजून काही कळत नाही. कपलर काढून हार्नेसच्या बाजूला ५ व्होल्ट येतायत का ते बघा, ४.७५ ते ५.२५ चालतील. मग कपलर लावून मागून टाचणीने सिग्नल मोजा. इंजिन बंद, किल्ली ऑन असताना ऑईल आणि रेलचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या जवळ असतो, कारण दाब शून्य आहे. बूस्टचा सेन्सर बहुधा वातावरणाचा दाब धरून मोजतो, म्हणून स्कॅनरवर त्याचा आकडा आणि हवेच्या दाबाचा आकडा जवळपास सारखा दिसला पाहिजे.

मागच्या हंगामात उसाची एक गाडी आली. पिकप अजिबात नाही, चढाला दुसऱ्या गिअरवर. कोड १०० आणि १०२, दोन्हींवर एफएमआय ४. मालकाने ऑईल प्रेशरचा आणि बूस्टचा असे दोन सेन्सर पिशवीत आणले होते. दोन सेन्सर एकाच दिवशी जातात? जातात, पण क्वचित. त्यापेक्षा दोघांना जोडणारी एखादी गोष्ट गेलेली असण्याची शक्यता जास्त. कपलर काढून ५ व्होल्टची वायर मोजली तर दीड व्होल्टसुद्धा नाही. काही सेन्सरांना ईसीएम एकाच लाइनवरून ५ व्होल्ट देतं. त्यातला एक आत शॉर्ट झाला की लाइन खाली बसते आणि बाकीचे चांगले सेन्सरही मेल्यासारखे दिसतात. म्हणून मीटर लावून ठेवला आणि एकेक कपलर काढत गेलो. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतील तो दोषी. सगळे काढले, व्होल्टेज आलं नाही. म्हणजे सेन्सर सगळे निर्दोष, दोष वायरीत.

मग हार्नेस हाताने हलवत पुढून मागे गेलो आणि एका ठिकाणी मीटर ५ वर उडी मारून पुन्हा पडला. हेडच्या मागच्या बाजूला, केबिन उचलल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, हार्नेस धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडली होती. वायरांचा जुडगा ब्रॅकेटच्या कडेवर बसून इंजिनच्या थरथरीने घासत होता. वरची नळी फाटलेली, आतल्या एका वायरचं इन्सुलेशन मुगाएवढ्या जागेत गेलेलं, तांबं चकाकतंय. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक, नवी नळी, नवी क्लिप आणि ब्रॅकेटच्या कडेला रबर. पिशवीतले दोन्ही सेन्सर मालक परत घेऊन गेला. दुकानदाराने विजेचा माल परत घेतला नाही, तो भाग वेगळा.

बूस्टचा सेन्सर बदलायच्या आधी काढून बघा. टोकावर काजळी आणि ऑईलचा काळा थर असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या, तार किंवा खिळा घालून कोरू नका, आत नाजूक पडदा आहे. पिकप नसेल आणि कोड काहीच नसेल, तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होस बघा. फाटलेल्या होसच्या तोंडाशी ऑईल मिसळलेली धूळ चिकटलेली दिसते आणि लोडवर फुस्स असा आवाज येतो.

ऑईल प्रेशरच्या बाबतीत एक नियम पाळा. काटा किंवा लाइट कमी दाखवत असेल तर इंजिन बंद करून सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावा, मगच बोला. या इंजिनला गरम असताना आयडलवर किमान ०.७ बार आणि पूर्ण स्पीडला किमान २ बार हवेत. गेजवर एवढे असतील तर सेन्सर बदला. नसतील तर सेन्सर तुमचं इंजिन वाचवायला बघत होता. गाडी तिथेच उभी करा.

क्रँक आणि कॅम

फ्लायव्हील किंवा गिअरच्या दातांवरून स्पीड मोजणारे हे दोन सेन्सर. गाडी सेल्फ खूप खाते पण चालू होते, किंवा चालता चालता झटकन बंद पडून गार झाल्यावर पुन्हा चालू होते, तेव्हा यांच्यावर संशय घ्या. सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा हलतोय का बघा. दोन वायरचा असेल तर त्यात कॉइल असते, रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरचा असेल तर तो हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्याला ओहम लावू नका. काढल्यावर टोकाला लोखंडी कीस चिकटलेला दिसतो. तो पुसूनच गाडी सुधारली असं होतं, पण कीस खूप असेल आणि जाड असेल तर तो आला कुठून हे शोधल्याशिवाय गाडी सोडू नका. बसवताना टोक दातांना टेकलं तर पहिल्याच सेल्फला फुटेल, म्हणून पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही.

रेल प्रेशर म्हटलं की आधी डिझेल फिल्टर

१५७ चा कोड आणि रेलचा दाब कमी, असं आलं की सेन्सरकडे बघूच नका. फिल्टर, टाकीतला पाईप, सक्शनच्या बाजूला हवा शिरणारा नट, वॉटर सेपरेटर हे सगळं झाल्यावर सेन्सरचा नंबर. कॅनमधून किंवा बॅरलमधून डिझेल भरणाऱ्यांच्या गाड्यांना हा त्रास हटकून. सेपरेटरच्या खालचा कॉक रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी उघडा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. काचेच्या बाटलीत धरलं तर पाणी खाली बसलेलं दिसतं. ९७ चा कोड आला की सेन्सर काढून फेकणारे आहेत. त्याने लाइट जाते आणि पंप आणि नोझल गंजायला मोकळे होतात.

इंजिनवरचा डिझेल फिल्टर बदलताना तो वरून डिझेल ओतून भरू नका. ओतलेलं डिझेल गाळलं न जाता सरळ पंपाकडे जातं. कोरडाच बसवा आणि हातपंपाने हवा काढा. वेळ लागतो, लागू द्या. रेलवरचा सेन्सर खरंच बदलायचा असेल तर वरची सूचना, दहा मिनिटांची, लक्षात ठेवा, भोवताल धूळरहित करा, आणि आवळणं टॉर्क पान्यानेच.

युरिया

बीएस-४ च्या या गाड्यांना सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारलं जातं. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर त्याचा परिणाम तपासतो. हा सेन्सर महाग आहे. तो बदलण्याआधी फवारणीच्या नोझलवर पांढरे खडे जमलेत का बघा, गरम पाण्याने धुतले की जातात. टाकीत फक्त बाटलीबंद, ३२.५ टक्क्यांचं द्रावण टाका. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकणारे महाभाग आमच्या तालुक्यात आहेत. त्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि ते तेल पंप, नोझल, कॅटालिस्ट सगळ्यांची वाट लावतं.

रोजची निगा

गाडी धुताना प्रेशरचं पाणी ईसीएम आणि कपलरवर थेट मारू नका. धुतल्यानंतर लाइट लागली तर कपलर काढा, हवा मारा, पिनांवर हिरवट पावडर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, रबरी सील जागेवर आहे का बघा.

उसासाठी बॉडीला अँगल वेल्ड करता ना? वेल्डिंगच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांच्या केबली काढा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावा. चासीच्या दुसऱ्या टोकाला अर्थ लावला तर करंट मधल्या सगळ्या वायरिंगमधून वाट काढतो.

ऑईल १५डब्ल्यू-४०, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचं. एअर फिल्टर हवेने झाडून झाडून वापरू नका, कागदाला भोकं पडतात आणि ती धूळ टर्बोच्या पात्यांवर जाते.

टॅपेट (वॉल्वच्या वरची फट) थंड इंजिनवरच जुळवायचे, ६० अंशांच्या खाली. या ५.९ ला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पहिलं सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा: त्याचे दोन्ही टॅपेट ढिले असले पाहिजेत. त्या स्थितीत पहिल्याचे दोन्ही, दुसऱ्याचा इनटेक, तिसऱ्याचा एक्झॉस्ट, चौथ्याचा इनटेक, पाचव्याचा एक्झॉस्ट. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा आणि उरलेले: दुसऱ्याचा एक्झॉस्ट, तिसऱ्याचा इनटेक, चौथ्याचा एक्झॉस्ट, पाचव्याचा इनटेक, सहाव्याचे दोन्ही. लॉकनट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळल्यावर फिलर पुन्हा घालून बघा; किंचित अडत सरकला पाहिजे. टॅपेट घट्ट राहिले तर वॉल्व जळतात, ढिले राहिले तर आवाज आणि पिकप कमी. दोन्हींना कोड पडत नाही, म्हणून स्कॅनर लावून ते सापडत नाहीत.

गाळप हंगाम संपला की गाड्या चार-सहा महिने उभ्या राहतात, आणि उभ्या गाडीचं वायरिंग उंदरांचं असतं. केबिनखाली पाचट, गोणपाट, भुईमुगाच्या शेंगा असलं काही ठेवू नका, उंदीर त्यासाठीच येतात. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून ओल धरते. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. पुन्हा गाडी बाहेर काढायच्या आधी केबिन उचलून हार्नेसवरून टॉर्चच्या उजेडात हात फिरवा, सेपरेटरचं पाणी काढा, हातपंप मारा, आणि मगच किल्ली फिरवा.